तेविसावं पाऊल

हॅझलविक पॅरिशमध्ये, म्हणजे त्या गावच्या चर्चच्या हद्दीत, १९७८ साली जिवंत माणसं एकशे बेचाळीस होती आणि मेलेली अकराशेच्या आसपास. जिवंतांची यादी हेरफर्डच्या कचेरीत मिळायची. मेलेल्यांची रूबेन ग्विलियमच्या डोक्यात होती, आणि ती मिळवायची तर त्याला आधी चहा पाजावा लागे.

चर्चच्या नोंदवहीत कोण मेलं आणि कधी, एवढंच लिहिलेलं असतं. कुठं पुरलं ते लिहायची पद्धत नव्हती. आवाराचा एक जुना नकाशा होता म्हणतात. त्याचा अर्धा भाग उंदरांनी खाल्ला आणि उरलेला कुणा एका पाद्र्यानं खिडकीच्या फटीत कोंबला, कारण त्याला सर्दी होती. तेव्हापासून कबरी खणायचं काम ग्विलियम घराण्याकडे आणि नकाशाही त्यांच्याकडेच. रूबेनचा बाप जोब म्हणायचा, "यूच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लाव आणि नाक भिंतीकडे धर. एक पाऊल, एक माणूस." बापाचं पाऊल अडीच हात लांब होतं. रूबेन उंचीनं कमी, तरी त्यानं वर्षभर कोंबड्यांच्या खुराड्याभोवती चालून चालून आपलं पाऊल बापाएवढं करून घेतलं. त्यामुळे तो आयुष्यभर किंचित घाईत असल्यासारखा चालायचा. घाई त्याला कशाचीच नव्हती.

बावन्न वर्षांत त्यानं दोनशे अकरा कबरी खणल्या. गावातल्या बहुतेकांकडे तो मापं घेतल्यासारखा बघतो असा लोकांचा समज होता आणि तो खरा होता. चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायची, भिंतीवरची आयव्हीची वेल उपटायची, पाद्रीसाहेबांच्या प्रवचनात कुणी घोरलं तर खाकरायचं, ही त्याची बाकीची कामं. बायको हेस्टर चर्चमध्ये फुलं मांडायची. मूलबाळ नव्हतं. हेस्टर १९६१ साली गेली. दक्षिणेच्या ओळीत, एकोणिसाव्या पावलावर आहे. विसावं पाऊल रूबेननं स्वतःसाठी राखून ठेवलं, पाद्रीसाहेबांनी तसं वहीत लिहूनही दिलं.

आणि सगळा घोळ त्या विसाव्या पावलावर होता.

तो घोळ पंधरा वर्षं रूबेनच्या पोटात सुखानं राहिला. मग याप बाईंनी पॅरिशचा इतिहास लिहायला घेतला. म्युरिएल याप म्हणजे गावच्या निवृत्त पोस्टमास्तरीण. एकतीस वर्षं लोकांची पत्रं न वाचता वाटल्यामुळे त्यांची जी उपासमार झाली होती, ती त्या आता भरून काढत होत्या. आठ प्रकरणं लिहून झाली होती. पहिल्यात नॉर्मन राजाच्या मोजणीत गावाची नोंद होती: गिरणी एक, नांगर अर्धा, डुकरं साठ. अर्ध्या नांगरावर बाईंनी चार पानं लिहिली होती. नववं प्रकरण चर्चच्या आवाराचं, आणि त्याला नकाशा हवा. त्यातच पॅरिशच्या सभेनं ठराव केला की आवार भरलं, आता ज्यांची जागा राखीव आहे तेवढेच आत घ्यायचे, बाकीच्यांनी लेडबरीच्या रस्त्यावरच्या नव्या दफनभूमीत जावं. तिथं जायला कुणीच तयार नव्हतं, कारण बसथांबा लांब होता.

तेव्हा एप्रिलातल्या एका सकाळी याप बाई फीत, पाटी आणि थर्मास घेऊन यूच्या झाडाखाली हजर झाल्या.

"चला रूबेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही चाला आणि बोला, मी लिहिते. तुम्ही गेलात तर सगळं गाव तुमच्याबरोबर जायचं."

"गाव आधीच गेलंय बाई," रूबेन म्हणाला. "मी फक्त कुठं ते सांगतो."

दक्षिणेच्या ओळीत तो चालू लागला. पहिला बेकर पॉवेल, दुसरी त्याची बायको, तिसरी त्याची दुसरी बायको. "दोघींचं पटलं का?" बाईंनी विचारलं. "अजून तक्रार नाही," रूबेन म्हणाला. असं करत करत एकोणीस आलं. हेस्टर. रूबेननं टोपी काढली, परत घातली, आणि विसावं पाऊल टाकायच्या ऐवजी तो तिथंच उभा राहिला.

"ही तुमची जागा ना?" बाईंनी लिहायला पेन उचललं.

"नका लिहू अजून."

"अहो, सगळ्या गावाला माहीत आहे!"

"तोच तर त्रास आहे," रूबेन म्हणाला, आणि त्याला एकाएकी कोंबड्यांचं दाणापाणी आठवलं. याप बाईंना त्यानं थर्माससकट तिथंच सोडलं.

झालं होतं ते असं. अ‍ॅम्ब्रोज गॉडसॉल म्हणजे गावातला सफरचंदांच्या मोठ्या बागांचा धनी आणि चर्चचा वॉर्डन, म्हणजे कारभारी. त्याच्यात आणि हेस्टरमध्ये १९३६ पासून विस्तव जात नव्हता. कारण फुलदाणी. हेस्टर ती पूर्वेच्या खिडकीत ठेवायची. गॉडसॉल म्हणायचा दगडावर पाण्याचे डाग पडतात, आणि ती उचलून जमिनीवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी फुलदाणी परत खिडकीत. असं पंचवीस वर्षं चाललं. दोघं एकमेकांशी शब्द बोलत नसत. जे काही असेल ते रूबेनच्या मार्फत. "सांग त्याला, देवाला डाग चालतात." "सांगा तिला, देवाला चालत असतील, दुरुस्तीचं बिल देवाकडे जात नाही." रूबेन दोन्ही निरोप पोचवायचा, आवाज न चढवता.

गॉडसॉल गेला १९६३ च्या जानेवारीत, त्या मोठ्या हिवाळ्यात. कमरेइतका बर्फ पडला होता. गॉडसॉल घराण्यानं तेविसावं पाऊल राखून ठेवलं होतं, नवराबायको दोघांसाठी एकच खोल कबर: खाली तो, वर यथावकाश ती. रूबेन यूला पाठ लावून निघाला. कमरेइतक्या बर्फात माणूस पाऊल टाकत नाही, पाय उपसतो. पण रूबेननं तेवीस मोजले, जसे आयुष्यभर मोजले तसे. बारके दगड, लाकडी क्रूस, उंचवटे, सगळं पांढऱ्याखाली गेलेलं. पहार मारून पाहिली तर जमीन बेताची मऊ लागली, म्हणून त्यानं देवाचे आभारही मानले. दोन दिवस लागले. सात फूट खणलं, गॉडसॉलला उतरवलं, माती लोटली.

मार्चमध्ये बर्फ वितळला. रूबेन घड्याळाला किल्ली द्यायला आला तेव्हा हेस्टरच्या लाकडी क्रूसाला लागून, हातभर अंतरावर, ताजा उंचवटा होता. तेवीस म्हणून जे मोजलं ते वीस भरलं होतं. जिच्याशी पंचवीस वर्षं माणूस बोलला नाही तिच्या शेजारी त्याला आडवं करून ठेवलं होतं, आणि तेही रूबेनच्या जागेत.

आता दुसरा कुणी असता तर पाद्रीसाहेबांकडे गेला असता. पण पुरलेल्याला हलवायचं तर बिशपचा हुकूम लागतो, हुकुमासाठी अर्ज लागतो, अर्ज चर्चच्या दारावर महिनाभर लावतात, आणि त्यावर रूबेन ग्विलियमला मोजता येत नाही असं साऱ्या गावाला वाचायला मिळालं असतं. त्याच्या बापानं कधी पाऊल चुकवलं नव्हतं. हेरफर्डच्या मे महिन्याच्या जत्रेला सगळं गाव बस करून गेलं त्या दिवशी रूबेननं उंचवट्याची माती ढकलगाडीनं तीन पावलं पलीकडे नेली, तिथं छान उंचवटा केला, आणि विसाव्या पावलावर हिरवळीचे चौकोन अंथरून वरून पाणी मारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उन्हाळ्यात गॉडसॉलचा काळा दगड आला, तोही कारागिरांनी उंचवट्याच्या डोक्याशी उभा केला. मधल्या दोन पावलांवर प्रोबर्ट बहिणी आहेत, त्यांनी जिवंतपणीही कधी कशाला हरकत घेतली नव्हती.

तेव्हापासून लेटिस गॉडसॉल, अ‍ॅम्ब्रोजची बायको, दर रविवारी प्रार्थनेनंतर घडीची खुर्ची घेऊन त्या दगडापाशी बसायची आणि नवऱ्याला आठवड्याची हकीकत सांगायची. खाली कुणी नव्हतं. रूबेन भिंतीची आयव्ही काढत ऐकायचा. पंधरा वर्षं रविवारची आयव्ही त्यानं जितकी काढली तितकी त्या भिंतीवर उगवलीही नसेल.

लोकांना वाटेल, याला लाज कशी वाटली नाही. वाटत होती, पण दर रविवारी एक एक रविवारपुरतीच. आता नकाशा चर्चच्या दारात टांगला जाणार होता. त्यात विसाव्यावर त्याचं नाव लिहिलं तर तो मेल्यावर जो कोणी खणेल त्याची कुदळ गॉडसॉलपाशी थांबणार. त्यातून सुटायचा एक मार्ग होता, आणि रूबेनला तो कबरी खणणाऱ्याला सुचेल तसाच सुचला होता. गॉडसॉल सात फुटांवर होता. त्याच्या वर अजून एका माणसाची जागा होती. चार-साडेचार फूट खणून रूबेनला तिथं ठेवता आलं असतं, हेस्टरच्या शेजारी, कुणाला कळलंही नसतं. फक्त ती वरची जागा त्याची नव्हती. ती लेटिस गॉडसॉलची होती. आणि रूबेन काही झालं तरी बाईमाणसाची जागा न विचारता घेणारा नव्हता.

मंगळवारी सकाळी तो अर्धा डझन अंडी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. लेटिसबाईंचं वय एक्क्याऐंशी, कान तिखट आणि जीभ त्याहून. तिनं अंडी मोजली.

"सहा? कोण मेलंय?"

"कुणी नाही बाई. जे मेलेत त्यांच्याबद्दल आहे."

तिनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं. रूबेननं सगळं सांगितलं, बर्फापासून ढकलगाडीपर्यंत. टोपी गुडघ्यावर ठेवून, किल्ली द्यायच्या सुरात, एकही वाक्य न गाळता. सांगून झाल्यावर किटली उकळून गेली तरी ती उठली नाही.

"म्हणजे माझ्या दगडाखाली अ‍ॅम्ब्रोज नाही?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"थोडी खडी आहे."

"पंधरा वर्षं," ती म्हणाली. "पंधरा वर्षं मी बोलतेय आणि त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. मला वाटलं, मरण माणसाला किती सुधारतं." आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिनं उठून चहाच्या फडक्यानं डोळे पुसले. रूबेनला हसावं की माफी मागावी ते कळेना, म्हणून तो किटलीकडे बघत राहिला.

"आणि तुझ्या हेस्टरच्या शेजारी? हातभरावर? अगं बाई! दोघांचं काय चाललं असेल रे?"

"मार्फत कुणी नाही, म्हणजे गप्पच असतील."

मग त्यानं जागेचं विचारलं. वरची जागा तिनं सोडली तर तो हेस्टरजवळ जाईल. तिच्यासाठी तेविसावी अख्खी मोकळी आहे, एकटीला, ऐसपैस. हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. सत्तर वर्षांच्या ओळखीत त्यानं तिच्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं.

लेटिसबाईंचं हसू गेलं. तिनं फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"एकेचाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर एका पलंगावर झोपले," ती म्हणाली. "खिडकी उघडी हवी की बंद, यावर रोज भांडण. रोज, रूबेन. दुसरी कुणी असती तर तुला म्हणाली असती, घे बाबा, सुटले. मलाही मघाशी क्षणभर तसंच वाटलं. पण मी त्याला सांगितलं होतं येते म्हणून. तो जिथं आहे तिथं मी जाणार. तुझी जागा जाते, मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण नाही."

"बरोबर आहे," रूबेन म्हणाला.

"बरोबर आहे म्हणू नकोस. चूक तुझी आहे."

"तेही बरोबर आहे."

"मी गेले की मला त्याच्यावर ठेव. शब्द दे." त्यानं दिला. "आणि मी जिवंत आहे तोवर कुणाला सांगू नकोस. आता या वयात मी खडीशी बोलत होते असं लोकांनी म्हणायला नको."

त्या रविवारी ती नेहमीसारखी खुर्ची घेऊन आली. काळ्या दगडापाशी बसली, दोन मिनिटं बसली असेल. मग उठून, खुर्ची तीन पावलं ओढत नेऊन, हेस्टरच्या क्रूसाला पाठ करून बसली आणि एकदम हळू आवाजात बोलू लागली. त्या दिवशी रूबेननं आयव्ही काढली नाही. तो घरी गेला.

पुढच्या फेब्रुवारीत लेटिसबाई झोपेतच गेली. बर्मिंगहॅमहून पुतण्या आला, त्याला गाडी परत न्यायची घाई होती. पाद्री क्रूमसाहेबांनी रूबेनला निरोप दिला: गुरुवारी अकरा वाजता, गॉडसॉलांच्या दगडापाशी.

बुधवारी सकाळी रूबेन फावडं, कुदळ आणि पहार घेऊन आला. वय सत्त्याहत्तर, पण छोट्या फाटकातून यंत्र आत येत नसल्यानं हे काम अजून त्याचंच होतं. तेविसाव्यावर तो उभा राहिला. इथं खणलं तर कुणी काही विचारणार नव्हतं. दगडावर तिच्या नावाला जागा सोडून ठेवलेली होती. पुतण्या खूष, पाद्री खूष, याप बाईंचा नकाशा बिनचूक. आणि विसावी जागा रूबेनला, हेस्टरजवळ, बिनबोभाट. त्या स्वयंपाकघरात काय ठरलं ते माहीत असलेली दोन माणसं, त्यातलं एक पेटीत. त्यानं फावडं तेविसाव्यावर रोवलंसुद्धा. पाऊण तास तो तिथं तसाच उभा होता, कारण त्याला ती जागा फार हवी होती.

मग त्यानं फावडं उपसलं आणि तीन पावलं मागे आला. हेस्टरच्या क्रूसाकडे न बघता त्यानं पहिला चौकोन कापला.

दुपारी क्रूमसाहेब आले. तरुण पाद्री, आवारात पावलं जपून टाकणारे.

"रूबेन, ही तर तुमची जागा आहे."

"नाही साहेब. इथं गॉडसॉल आहे." आणि छातीइतक्या खड्ड्यात उभं राहून त्यानं साहेबांनाही सगळं सांगितलं.

क्रूमसाहेबांनी चष्मा पुसला. "हे बिशपच्या कचेरीला कळवावं लागेल," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "कळवलं तर उत्तर यायला आठ महिने लागतात." आणखी जरा वेळानं, "अंत्यविधी उद्या आहे." मग ते पुतण्याशी बोलायला निघून गेले. कचेरीचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

गुरुवारी सगळं गाव आलं आणि सवयीनं काळ्या दगडाभोवती गोल करून उभं राहिलं. तिथं खड्डा नव्हता. लोकांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग तीन पावलं पलीकडच्या खड्ड्याकडे, मग रूबेनकडे. रूबेन दोर धरून उभा होता. कुणी काही विचारलं नाही. एकशे बेचाळीसमधली जी काही नव्वद माणसं होती ती सगळी तीन पावलं सरकली. पेटी उतरली. रूबेननं तिला ठरल्या जागी, ठरल्या माणसावर ठेवली.

नंतर चहाच्या वेळी दारूच्या दुकानाचा मालक प्रॉसर एवढंच म्हणाला, "त्रेसष्ट साली थंडी फार होती."

"फार," सगळे म्हणाले, आणि केकची ताटली रूबेनकडे सरकवली. पॅरिशनं त्याला यापेक्षा जास्त काही कधीच ऐकवलं नाही. त्याला मात्र कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्यानं याप बाई नकाशा घेऊन आल्या. काळा दगड विसाव्यावर हलवायचं ठरलं होतं, तेविसावी जागा मोकळी झाली होती. दोघं दक्षिणेच्या भिंतीवर बसले. बाईंनी एकोणिसावर हेस्टर लिहिलं, विसावर गॉडसॉल दोघं, मग प्रोबर्ट दोघी.

"आणि तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तेवीस."

"मधे चार माणसं येतात, रूबेन."

"हो. मोजली मी."

बाईंनी लिहिलं. मग, इतिहासकारानं विचारू नये असं त्यांनी विचारलं. "हेस्टरची कबर खणली तेव्हा तुम्हाला कसं... म्हणजे, ती कुणी खणली?"

"मी. दुसरं कोण? गुरुवार होता, पाऊस होता, खड्ड्यात पाणी भरत होतं. उपसत बसलो. मग पेटी आली, दोर धरायचा होता. मग माती लोटायची होती. मग घड्याळाला किल्ली. सगळं आटोपलं तोवर संध्याकाळ झाली. त्यात ते राहूनच गेलं."

"काय राहून गेलं?"

रूबेननं टोपी काढून तोंडावर धरली आणि सकाळी अकरा वाजता, सतरा वर्षं उशिरा, तो हमसून हमसून रडू लागला. याप बाई उठल्या आणि आधीच मोजलेली दक्षिणेची भिंत त्यांनी फीत लावून पुन्हा एकदा, शेवटपर्यंत मोजली.